गोव्याच्या धक्क्याला लागून गेलेल्या गोष्टी

मांडवीकाठ (पणजी)

लिस्बनमध्ये तेजू नदीच्या मुखाशी बेलेंचा बुरूज आहे. पोर्तुगालच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतो तोच. त्याच्या एका टेहळणी-कोनाड्याला खालून आधार देणाऱ्या दगडावर गेंड्याचं तोंड कोरलेलं आहे. खाऱ्या वाऱ्याने नाकडोळे पुसट झालेत, कुणी बोट दाखवल्याशिवाय कळत नाही. हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्यात जहाजावर चढला होता.

झालं असं, की गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने (दुसरा) किल्ल्याला साफ नकार दिला, पण वकिलांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून एक जिवंत गेंडा भेट दिला! गव्हर्नराने गेंडा ठेवायचा कुठे आणि करायचं काय? त्याने तो पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे लावून दिला. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स करत जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. चार महिने पाण्यावर, आणि खायला पेंढा, सुकं गवत आणि शिजवलेला भात. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. ३ जूनला राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्तीने समोर काय आलंय ते पाहिलं आणि धूम ठोकली. झुंज खलास.

मग राजाने तो पोप लिओ दहावा यांना नजराणा म्हणून पाठवला आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण याला साखळदंडाने डेकला बांधलेलं होतं. तिकडे न्यूरेंबर्गमध्ये आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर लाकडात ठसा कोरला: अंगावर चिलखताचे पत्रे, खांद्यावर एक जादा शिंग. त्याने गेंडा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षं युरोपातली पुस्तकं त्याचंच चित्र उतरवत राहिली, जादा शिंगासकट.

तर धाग्याचा नियम. जगाच्या पाठीवरची कोणतीही विचित्र गोष्ट चालेल, फक्त तिचा रस्ता गोव्यावरून गेलेला हवा. आणि हो, 'आमच्या देवळाखालून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे' छापाच्या गोष्टींसाठी वेगळा धागा काढा.

सासष्टीकर (मडगाव)

हरकत. गेंडा गुजरातचा, राजा पोर्तुगालचा, चित्रकार जर्मन. गोव्याचं त्यात काय? हमाली?

मांडवीकाठ

हरकत फेटाळली. नियमात रस्ता म्हटलंय, जन्मदाखला नाही.

सासष्टीकर

बरं. मग हमालीचंच उदाहरण घ्या. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण तो गोव्यासाठी निघालाच नव्हता, हे कुणी सांगत नाही. तो चालला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. सोबत तिथे नेमलेले पाद्री होते. ६ सप्टेंबर १५५६ ला जहाज गोव्यात पोचलं आणि बातमी मिळाली, की ॲबिसिनियाच्या बादशहाला या मंडळींत काडीचा रस नाही. झालं, यंत्र इथेच उतरवलं, सेंट पॉल कॉलेजात बसवलं आणि त्याच वर्षी छपाई सुरू.

गोव्यातल्या छपाईच्या पहिल्या काही वर्षांतला सगळ्यात मोलाचा ग्रंथ १५६३ चा: गार्सिया द ऑर्ता या वैद्याने लिहिलेले औषधी वनस्पतींवरचे संवाद. हिंग, वेलची, आंबा, पटकी, सगळ्यावर बोलतो, आणि युरोपातल्या जुन्या पंडितांच्या चुका बेधडक दाखवतो. चारच वर्षांत त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला निघाला. त्याच पुस्तकात लुईश द कामोइंशची एक कविता आहे, ती त्या महाकवीची पहिली छापलेली कविता. पोर्तुगालचा सर्वांत मोठा कवी पहिल्यांदा छापून आला तो लिस्बनमध्ये नाही, गोव्यात.

ऑर्ताचं पुढे काय झालं ते मात्र ऐकवत नाही. तो ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरात इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आज पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. संध्याकाळी भेळ खायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

वाळवंटी (साखळी)

वा, सासष्टीकरबाब! तुम्ही छापखाना काढलात म्हणून मला जपान काढता येतंय.

१५८२ मध्ये जपानमधून चार कोवळी मुलं, तेरा-चौदा वर्षांची, जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी युरोपला पाठवली. पोपला भेटली, स्पेनच्या राजाला भेटली. जातायेता दोन्ही वेळा गोव्यात मुक्काम. परतताना त्यांतल्या हारा मार्तिन्यू नावाच्या मुलाने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. जपानी मुलगा, भाषा लॅटिन, छपाई जुन्या गोव्याची! मग तीच मंडळी युरोपहून आणलेला छापखाना घेऊन १५९० मध्ये जपानला पोचली आणि तिथे खिळ्यांची पाश्चात्य छपाई सुरू झाली.

त्याच्याही आधीचा एक जपानी आहे, आणि तो मला जास्त आवडतो. अंजिरो. कागोशिमाचा. हातून खून झाला म्हणून पळाला, मलाक्काला गेला, तिथे धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर भेटले. १५४८ मध्ये जुन्या गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला झेवियरना घेऊन स्वतःच्याच गावी, कागोशिमाला, उतरला. खून करून जिथून पळाला तिथेच दुभाषा म्हणून परत! कॉलेजची आता फक्त कमान उरलीय. फोंड्याहून पणजीला जाताना ती ओलांडून जातो आपण, बसमधून धड दिसतही नाही.

फिरस्ता_फोंडा

धागा झकास. वाचनखूण साठवली.

माझी नोंद थोडी लांब होणार आहे. जॉर्जियाची राणी केतेवान.

काखेती म्हणजे आजच्या जॉर्जियाचा पूर्वभाग. तिथला राजा तैमुराझ, त्याची ही आई. इराणच्या शाह अब्बासने तिला ओलीस धरून वर्षानुवर्षं शिराझला ठेवलं. शेवटी धर्म बदल म्हणून हुकूम झाला, तिने नाकारला आणि १६२४ मध्ये तापवलेल्या सांडशांनी हाल करून तिला मारलं. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप काढले. एक भाग जॉर्जियाला मुलाकडे पोचला. आणि एक हात १६२७ मध्ये आला गोव्याला, कारण त्या पाद्रींचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं इथल्या टेकडीवर होतं. ज्या सेंट ऑगस्टिन चर्चचा अर्धा मनोरा आज सगळे मोबाइलमध्ये टिपतात, तेच.

कागदपत्रांत जागा नेमकी लिहिलेली होती: मठाच्या अमुक दालनात, अमुक खिडकीशी, दगडी पेटीत. पण खिडकी राहिली कुठे होती? १८३५ मध्ये धार्मिक पंथ बरखास्त झाले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा आला खाली. पुरातत्त्व खात्याने कित्येक वर्षं चिऱ्यांचे ढीग उपसले. जॉर्जियाचे लोक येऊन-जाऊन विचारत होते. पडलेल्या दगडांमधून आधी आराखडा उभा करायचा, मग त्यात खिडक्या मोजायच्या, असं ते काम. २००४ च्या सुमारास उजव्या हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्याचा डीएनए तपासला. भारतातल्या हजारो नमुन्यांत सहसा न सापडणारा मातृवंश निघाला, जॉर्जियात मात्र तो आढळतो. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियाला नेले, तिथे दर्शनाला रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यांतला एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला, कायमचा.

माझं स्पष्ट मत: गोव्यातल्या उत्खननाची याहून भारी गोष्ट नाही, आणि आपल्याकडचा एकही टुरिस्ट गाइड ती नीट सांगत नाही. मागच्या मोसमात मी पाहुण्यांना घेऊन गेलो तर गाइडाने मनोऱ्यापाशी कोणत्या सिनेमाचं शूटिंग झालं ते सांगितलं आणि पुढच्या बसकडे धावला.

मांडवीकाठ

फिरस्ता, 'लांब होणार' म्हणून आधीच माफी कशाला? अजून असतं तरी वाचलं असतं.

एक जोड. त्या मनोऱ्यातली घंटा कोसळायच्या आधीच निघाली होती. ती आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहापाशी गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. ते पांढरं, जिन्यांचं चर्च, त्याच्या माथ्यावरची. सें कॅथेड्रलच्या सोन्याच्या घंटेनंतर गोव्यातली दोन नंबरची मोठी.

गोदाकाठ (मूळ नाशिक, सध्या पर्वरी)

घंटेचा विषय निघालाच आहे तर नियम जरा ताणतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठावर नारोशंकराच्या देवळाच्या वेशीवर जी प्रचंड घंटा आहे, ती त्यातलीच, १७२१ सालची. लहानपणी गोदेला पूर आला की 'घंटेला पाणी लागलं का' हा आमचा प्रश्न असायचा. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. उत्तरेचा तो सगळा प्रांत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीत होता, त्यामुळे रस्ता गोव्यावरून गेला असं मी धरतो.

सासष्टीकर

रस्ता वसईवरून गेला. पण घंटा चांगली आहे, राहू द्या.

हुकमतीचंच म्हणाल तर मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालायचा आणि मकावचा १८४४ पर्यंत. आफ्रिकेचा तुकडा आणि चीनचा तुकडा, दोन्हींचे हुकूम मांडवीच्या काठावरून सुटायचे. आज वीजखात्याचा फॉर्म भरायला तीन खिडक्या फिराव्या लागतात, ते सोडा.

काणकोणचो भुरगो

हांव खाण्यातलोच मनीस! लिस्बनला चहाच्या टपरीवर 'शमूसा' मागा, म्हणजे आपला समोसा मिळतो, काचेच्या कपाटात केकशेजारी ठेवलेला. आणि ब्राझीलच्या बाहियात सारपातेल मिळतं, तेही याच नावाने. उलट दिशेने काजू, मिरची, अननस, पपई आपल्याकडे आलं. म्हणजे हुर्राक (काजूची दारू) पिताना ब्राझीलला एक सलाम ठोकायला हरकत नाही. बाकी इतिहास तुम्ही लिहा, मी वाचतोय.

तारवटी (वास्को)

सगळे जुन्या गोव्यातच फिरताय. मुरगाव बंदराकडे कुणी बघणार की नाही?

१९४३. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध पेटल्यावर जर्मन बोटी मुरगावात आसऱ्याला आल्या आणि अडकल्या: एरनफेल्स, ड्राखनफेल्स, ब्राउनफेल्स, शिवाय इटलीची आन्फोरा. इंग्रजांना संशय, की एरनफेल्सवरच्या वायरलेसवरून पाणबुड्यांना खबर जाते. तटस्थ बंदरात नौदल पाठवलं तर बोंब होणार. म्हणून पाठवलं कुणाला? कलकत्त्यातल्या हौशी घोडदळातल्या पोटं सुटलेल्या साहेबांना! कुणी हिशेबनीस, कुणी चहाच्या कंपनीतला. बोट कोणती, तर फीबी नावाची, नदीतला गाळ वाहायची. ती अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आली, काहीजण तिच्यावरूनच, बाकीचे रेल्वेने कोचीनला जाऊन तिथे चढले, आणि ९ मार्चच्या पहाटे हे लोक मुरगावात शिरून एरनफेल्सवर चढले. जर्मनांनी स्वतःच बोटीला आग लावली, पाणी आत घेतलं. ते बघून बाकीच्या बोटींनीही आपापल्या तळाला भोकं पाडली. चारही बोटी गेल्या. साहेब परत कलकत्त्याला कामावर हजर. १९७८ पर्यंत हे प्रकरण बाहेर फुटलं नव्हतं.

पण मला विचाराल तर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट यापेक्षा मोठी, आणि ती तर वास्कोतल्या माणसांनासुद्धा माहीत नाही. अमेरिका आणि जपान एकमेकांच्या जिवावर उठलेले, दोघांकडे एकमेकांचे नागरिक कैदेत. अदलाबदल करायची कुठे? मुरगावला. जपानची तेइया मारू आली ती चीन, फिलिपिन्स वगैरेकडचे अमेरिकन आणि कॅनेडियन घेऊन. स्वीडनची ग्रिप्सहोल्म आली ती अमेरिकेतले जपानी घेऊन. दोन्हींवर दीड-दीड हजार माणसं. दोन्ही बोटी त्याच धक्क्याला लागल्या आणि माणसं या बोटीतून उतरून त्या बोटीत चढली. त्यांतले काही जपानी जन्माने अमेरिकन होते, लहान मुलं तर जपान कधी न पाहिलेली. मी बंदरात नोकरी केली, त्या धक्क्यावरून रोज डबा घेऊन गेलो, तिथे याचा उल्लेख करणारी एक पाटी नाही.

वाळवंटी

तारवटी काका, हे खरंच माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि सिनेमा मात्र पहिलीवर निघतो.

फिरस्ता_फोंडा

आबे फारिया कसे राहिले अजून? कांदोळीचे, जन्म १७५६. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे, पुढ्यात बाई कोसळतेय आणि हे हात पसरून उभे. बाहेरचे पर्यटक त्याला भुताचा पुतळा समजतात. हे पाद्री १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचे, तिकीट लावून. तेव्हा सगळे म्हणायचे, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय द्रव वाहतो. फारिया म्हणाले, द्रव-बिव काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. आजचं शास्त्र त्यांच्याच बाजूला आहे. ते वारले १८१९ मध्ये, पॅरिसमध्येच, आणि पंचवीस वर्षांनी द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'त कैदी पाद्री म्हणून अवतरले. इफच्या किल्ल्यात त्यांना खरोखरच डांबलं होतं म्हणतात.

सासष्टीकर

'म्हणतात' आलं. इफची कैद ही कादंबरीतली. कादंबरीतला फारिया तर इटालियन आहे. तसंच लिस्बनच्या प्रार्थनामंदिरात प्रवचनाला उभा राहिलेला फारिया गोंधळून गप्प झाला, तेव्हा वडील मागून कोकणीत पुटपुटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', आणि मुलाला वाचा फुटली, ही गोष्ट गोड आहे, पण आख्यायिकाच. पुतळा मात्र अस्सल आपला: मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला, १९४५ चा.

फिरस्ता_फोंडा

भाजीची गोष्ट काढून घेतलीत तर गोव्यातल्या निम्म्या शाळांचे भाषणस्पर्धेचे मुद्दे संपतील, बाब.

मांडवीकाठ

थांबा थांबा. इफ?

मूळ लेखात मी गेंड्याच्या शेवटच्या प्रवासातला एक थांबा गाळला होता, लांबण नको म्हणून. पोपकडे जाताना जहाज मार्सेयसमोर थांबलं आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा गेंडा बघायला आला. तारीखही आहे, २४ जानेवारी १५१६. गेंड्याला त्यासाठी एका बेटावर उतरवलं होतं. ते बेट इफ. तेव्हा तिथे किल्ला नव्हता, उघडा खडक होता. किल्ला त्याच राजाने पुढच्या काही वर्षांत बांधायला घेतला.

म्हणजे गोव्याहून निघालेला गेंडा आणि कांदोळीच्या पाद्रीचं नाव, दोघंही शेवटी मार्सेयसमोरच्या त्याच खडकावर. मध्ये सव्वातीनशे वर्षं.

सासष्टीकर

एक खरा, एक कादंबरीतला. पण मान्य. ही नोंद धाग्याला शोभली.

वाळवंटी

अंगावर काटा! देव बरें करूं, मांडवीकाठ.

गोदाकाठ

झेवियरांच्या हाताचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जुन्या गोव्यातल्या त्यांच्या शवाच्या २०२४-२५ च्या प्रदर्शनाला आमच्याकडे नाशिकचे पाहुणे आले होते, रांगेत एका काकूंनी विचारलं, 'उजवा हात का नाही?' तो १६१४ मध्ये कोपरापासून काढून रोमला नेला, जेझुइटांच्या जेझू चर्चमध्ये आहे. २०१८ च्या जानेवारीत तो हात कॅनडाच्या दौऱ्यावर गेला होता, विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखून. आणि ज्या संगमरवरी चौथऱ्यावर शवपेटी आहे तो फ्लॉरेन्सचा, टस्कनीच्या ड्यूक कोझिमो तिसरा याने पाठवलेला, १६९८ मध्ये इथे बसवला. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांची. लोक संगमरवराचं कौतुक करतात. मला विचाराल तर नजर चांदीवरच ठरते.

तारवटी

शेवटचं माझ्याकडून, मग ड्युटीतून सुटल्यासारखा झोपतो. मकावला जागतिक वारशात धरलेली एक इमारत आहे, पिवळी-पांढरी, कमानींच्या व्हरांड्याची, टेकडीच्या उतारावर. 'मूरांची बराक' म्हणतात. चिनी माणसं समजतात अरबांची असणार. बांधली १८७४ मध्ये, गोव्याहून पोलिसांच्या कुमकेला नेलेल्या हिंदी पलटणीसाठी. बोट हाँगकाँगला लागली होती तेव्हा एका दिवसाची सुट्टी काढून मुद्दाम बघून आलो. आत सरकारी कचेरी आहे, व्हरांड्यात फिरू देतात.

काणकोणचो भुरगो

काका, आमच्या टूरवाल्याने मकाव दाखवलं ते कॅसिनोच्या पार्किंगमधून. कॅसिनोच बघायचा तर पणजीच्या धक्क्यावर काय कमी होते?